केरबाचं नाव

तात्यामास्तरांनी तीस वर्षं साताऱ्यात पोरांना इंग्रजी शिकवलं, तीन पिढ्यांच्या हातावर छड्या मोडल्या. पण सर्वनामाचा धडा शिकवला त्याच दिवशी सगळ्या वर्गाला आला, असं त्यांच्या उभ्या आयुष्यात एकदाच घडलं, आणि तो वर्ग बायकांचा होता.

साल चव्वेचाळीस. घरोघरचे बाप्ये फौजेत गेलेले. कुणा मडमेच्या डोक्यात आलं की शिपायांच्या बायकांना चार शब्द इंग्रजी यायला पाहिजे, म्हणजे फौजेच्या हपिसात साहेबापुढं त्या मुक्यानं उभ्या राहणार नाहीत. आता मडमेच्या डोक्यात आलं म्हटल्यावर कोण अडवतंय! धर्मशाळेच्या ओसरीवर दुपारचा वर्ग निघाला आणि पेन्शनीतले तात्यामास्तर त्यावर नेमले गेले. मास्तरांचे पुढचे चार दात पडले होते, तेव्हा कुणाच्या सासऱ्यानं हरकत घेतली नाही.

बनुबाई वर्गाला गेली ती शमशाद जाते म्हणून, आणि शमशाद गेली ती बनुबाई जाते म्हणून. दोघींच्या घरांची भिंत एक. एकीच्या कालवणाला फोडणी बसली की दुसरीला ठसका लागायचा. बनुबाईचा नवरा केरबा, शमशादचा वजीर. दोघे भरती झाले एकाच दिवशी, पण पाठवले दोन दिशांना.

"नाऊन म्हणजे नाम," मास्तर म्हणाले. "ज्याला नाव आहे ते नाऊन. पॉट नाऊन, चेअर नाऊन, स्नेक नाऊन. सांगा बनुबाई, यजमानांचं नाव काय?"

बनुबाईनं पदर ओढून घेतला आणि ओसरीच्या खांबाकडं बघत बसली.

"अहो, नाव विचारतोय, दागिने नाही मागत!"

"आवं मास्तर, धन्याचं नाव कसं घ्यावं?" बनुबाई म्हणाली. "आयुष्य कमी हुतंय की त्यांचं."

"मग उखाण्यात घ्या."

"धनी तिकडं गोळ्या खात्यात आन मी हितं उखाणं घालत बसू? हे काय हळदीकुंकू हाय व्हय?"

मास्तरांनी शमशादकडं बघितलं. शमशादनंही नाही म्हणून मान हलवली. "पर तिच्या घरवाल्याचं नाव मी सांगते की," ती म्हणाली. "केरबा."

"आन हिच्या मालकाचं वजीर," बनुबाई तत्परतेनं बोलली.

मास्तर डोक्याला हात लावून बसले. दुसऱ्या दिवशी चिडूनच त्यांनी सर्वनाम काढलं. नावाच्या जागी जे येतं ते प्रोनाऊन, पुरुष असला तर इंग्रजीत 'तो' म्हणजे 'ही'. एवढं ऐकलं मात्र, बायकांच्या तोंडावर असं हसू फुटलं की बस्स. लग्न झाल्यापासून त्या दुसरं करत काय होत्या? 'आमचं ह्ये', 'ते आल्यात', 'त्यास्नी विचारते'. पंधरा बायका एका सुरात 'ही, ही, ही' म्हणायला लागल्या, आणि धर्मशाळेत उतरलेला एक म्हातारा घाबरून बोचकं घेऊन बाहेर आला.

इथवर सगळी गंमतच होती. पण ह्या नाव न घेण्यानं आधीच एक घोळ करून ठेवला होता, आणि तो कुणाला ठाऊक नव्हता.

झालं होतं असं. दीड वर्षापूर्वी दोघी जोडीनं फौजेच्या हपिसात नोंदीला गेल्या. लालासाहेब कारकुनानं मान वर न करता विचारलं, "नवऱ्याचं नाव?" बनुबाई गप्प. शेजारून शमशाद म्हणाली, "केरबा." मग शमशादला विचारलं, तेव्हा बनुबाई म्हणाली, "वजीर." लालासाहेबानं आवाज आला तसं लिहिलं. केरबा बोलली ती शमशाद, म्हणजे केरबाची बायको शमशाद. वजीर बोलली ती बनुबाई, म्हणजे वजिराची बायको बनुबाई. खाली दोघींचे अंगठे उठले. कागद मिटला. दोघी परत येताना पेरू खात आल्या.

श्रावणात शमशादला हपिसाचं पत्र आलं. तिनं ते वर्गात आणून मास्तरांच्या हातात दिलं. मास्तर वाचायला लागले, "आपले पती लारीला आग लागून भाजले असून..." शमशादनं मोठ्यानं हंबरडा फोडला. बनुबाईनं तिला घट्ट धरली. मास्तरांनी चष्मा पुसला आणि पुढं वाचलं, "...शिपाई केरबा यांना सांगलीच्या लष्करी इस्पितळात आणलेले आहे."

शमशादचं रडणं मध्येच थांबलं. तिला सुटल्यासारखं वाटलं आणि त्याच क्षणी त्याची इतकी लाज वाटली की तिनं बनुबाईच्या खांद्यात तोंड खुपसलं आणि पुन्हा रडायला लागली, आता बनुबाईसाठी. बनुबाई रडली नाही. तिला एवढंच कळत होतं, की धनी जिवंत आहे आणि आपल्याला सांगलीला जायचंय.

पण जायला पास लागायचा, आणि पास मिळायचा बायकोला. बायको कागदावर शमशाद!

तात्यामास्तर दोघींना घेऊन हपिसात गेले. लालासाहेब कागद दाखवून म्हणाला, "सरकारी नोंद हाय. चूक असंलच कशी?" मास्तर तावातावानं बोलायला लागले, तेव्हा आतून साहेब बाहेर आला. नवा गोरा साहेब, मराठीचं अक्षर येत नव्हतं. त्यानं सगळा घोळ ऐकून घेतला आणि सांगितलं की बाई एकटी आत येऊ दे. कारकून नको, मास्तर नको, शेजारीण तर नकोच.

बनुबाई आत गेली. पायाखालची फरशी थंडगार. साहेबानं केरबाचा भरतीचा कागद पुढं ओढला.

"हजबंड. नेम?"

नाव घ्यावं की न घ्यावं, असा विचारसुद्धा तिच्या मनात आला नाही. धनी भाजून पडलाय, त्याच्या आयुष्याची दोरी किती उरलीय देवाला ठाऊक, आणि आपण आपल्या तोंडानं ती आखूड करायची? छे!

"ही," ती म्हणाली.

"ही हू?"

बनुबाईनं डोळे मिटले आणि मास्तरांनी पाठ करून घेतलेले सगळे शब्द गोळा केले. डाव्या हाताची करंगळी पुढं धरली. "ही. फिंगर. स्मॉल." साहेब बघत राहिला. "स्नेक!" ती म्हणाली, आणि पंजाचा फणा करून करंगळीवर हाणला. "ही बॉय. फादर, नाइफ. कट!"

केरबा शिराळ्याचा. लहानपणी नागपंचमीला, मोठ्यांनी धरून आणलेल्या नागाशी खेळायला गेला होता. बापानं जागच्या जागी करंगळीचं पेर उडवलं म्हणून वाचला. साहेबानं कागदावर बोट ठेवलं. खूण लिहिलेली होती. पण साहेबही काही कच्चा नव्हता. करंगळी काय, सगळ्या गल्लीनं बघितलेली असणार. त्यानं विचारलं, "मोअर?"

दुसरी खूण बनुबाईला ठाऊक होती, आणि ती गल्लीनं बघितलेली नव्हती. पण मास्तरांनी हेड शिकवलं होतं, हँड शिकवलं होतं, लेग शिकवलं होतं. जे पाहिजे तेच शिकवलं नव्हतं, आणि शिकवणार तरी कसं! बनुबाईचे कान तापले. तिनं पदर तोंडात धरला, उठली, रिकाम्या खुर्चीपाशी गेली आणि खुर्चीच्या बैठकीवर, उजव्या अंगाला, बोट टेकवलं.

"ही... चेअर... हिअर," ती म्हणाली. "ब्लॅक. स्मॉल. राउंड."

साहेबानं कागद बघितला. मग खुर्ची बघितली. मग त्याचा चेहरा कानापासून कॉलरपर्यंत लालबुंद झाला, आणि तो असा हसत सुटला की बाहेर लालासाहेबाच्या हातातली दौत सांडली. पास तिथल्या तिथं सहीशिक्क्यासकट मिळाला.

शमशादही सोबत निघाली. सांगलीची सर्व्हिस मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची, म्हणजे बहुतेक वेळ उभीच राहायची. तीनदा उतरून ढकलली. दोघी इस्पितळाच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा भेटीची वेळ संपायला पंधरा मिनिटं उरली होती. शिपायानं पास काढून घेतला आणि एकट्या बनुबाईला आत सोडलं. शमशाद गजांना धरून ओरडली, "बने, नाव इचारलं तर मला हाक मार!" आता एवढ्या लांबून हाक मारून काय होणार होतं, पण शमशादला राहवलं नाही.

लांबलचक वॉर्ड. दोन्ही बाजूंना मिळून बारा खाटा, आणि बाराही खाटांवर पांढऱ्या पट्ट्यांची गाठोडी. तोंडं बांधलेली, डोळे बांधलेले. बनुबाईनं करंगळी शोधावी म्हणून हात बघितले, तर हातही बांधलेले.

नर्स बाई घाईत होती. "नेम?"

"ही," बनुबाई म्हणाली.

नर्सनं बारा खाटांवरून हात फिरवला. "ही, ही, ही, ही. ऑल ही!" आणि ट्रे खणखणवत निघून गेली.

बनुबाई वॉर्डाच्या मध्ये उभी राहिली. भिंतीवरच्या घड्याळात आठ मिनिटं उरली होती. बारांतला एक आपला आहे आणि आपण परक्यासारख्या उभ्या आहोत, ह्याचं तिला रडू आलं. मग रागही आला. स्वतःचा, घड्याळाचा, त्या मेल्या मोटारीचा. अकरा वर्षं त्याचं आयुष्य वाढावं म्हणून तिनं ते नाव तोंडात दाबून ठेवलं होतं. आणि आता त्याला भेटल्याशिवाय परत जायचं? तिनं गळ्यातली पोत मुठीत धरली, देवाची क्षमा मागितली आणि तोंड उघडलं.

"केरबा!"

आवाज इतका मोठा आला की तीच दचकली.

"हजर, साब!" खिडकीजवळच्या खाटेवरून उत्तर आलं, आणि तिथलं गाठोडं चादरीखाली ताठ झालं.

बनुबाई धावत गेली.

"कोन साब?" गाठोड्यानं विचारलं.

"साब न्हाई. मी हाय."

"मी कोन?"

"मी. बनी."

केरबानं मान आवाजाकडं वळवली. मग सावकाश म्हणाला, "आगं, मग नाव कुनी घेतलं?"

"मीच." तिला हुंदका आवरेना. "धनी, लय मोठं पाप झालं माझ्या हातनं."

"खुळी हायस," केरबा म्हणाला. "लारी पेटली तवा न्हाई गेलो, तुझ्या तोंडानं जातोय व्हय? डोळं बांधल्यापास्नं रोज नुसती हजेरी ऐकतोय. साब घेतंय, डाक्टर घेतोय, नर्स घेती. तुझ्या तोंडचं कवा ऐकलंच न्हाई. पुन्यांदा घे की."

बनुबाईनं मागं बघितलं, पुढं बघितलं, आणि खाली वाकून, पट्ट्यांतून कान जेवढा उघडा होता तेवढ्याशी तोंड नेऊन, त्याचं नाव घेतलं. मग अजून एकदा घेतलं.

घंटा झाली. ती डोळे पुसत उठली, तेवढ्यात शेजारच्या खाटेवरचं गाठोडं खाकरलं.

"वैनी," ते म्हणालं, "आमची कारभारीन शुक्रवारी येनार हाय. फाटकाजवळ गाठा तिला, आन तेवढं शिकवा."