पेन टेकल्याचा ठिपका

मी एक कोरा फॉर्म. कर खात्याचा, एका पानाचा. माझ्यावर चारच गोष्टी लिहायच्या असतात: नाव, पत्ता, करासाठीचा सरकारी नंबर आणि सही. दोन मिनिटांचं काम. त्या दोन मिनिटांपायी काय झालं ते आज मी सांगणार आहे, आणि गोड करून सांगणार नाही.

केंटकीतल्या डोंगराळ भागात, एका छोट्या गावात डॉक्टर प्रुइट यांचा दातांचा दवाखाना आहे. तिथल्या प्रिंटरमधून एप्रिल महिन्यात मी गरमागरम बाहेर पडलो. मला काढलं मार्लीनबाईंनी. दवाखान्याचा सगळा कारभार त्यांच्याच हातात. पगारावर नसलेला माणूस कामाला आला, की पहिल्याच दिवशी त्याच्याकडून मला भरून घ्यायचं, असा नियम. बाईंना तो तोंडपाठ होता.

आणि तो आला. उंच, काटकुळा, टोपी उलटी घातलेला. दवाखान्यातल्या नळ्या चालवणारा तळघरातला पंप बघायला, रंग द्यायला, पडेल ते करायला.

"नाव काय रे तुझं?" बाईंनी विचारलं.

"सगळे स्लिम म्हणतात. तुम्ही देखणा म्हणालात तरी चालेल, मार्लीनबाई."

"आरसा बघितलायस का कधी? हा फॉर्म भर आधी."

त्यानं पेन घेतलं, माझ्या पहिल्या ओळीवर टेकवलं. निळा ठिपका उमटला. एवढ्यात आतून डॉक्टर ओरडले, "मार्लीन! थुंकी ओढायची नळी बंद पडली! पेशंटचं तोंड भरलंय! त्या माणसाला पाठव!"

"अहो, त्याचा फॉर्म..."

"नंतर! कागद कुठं पळून जातायत?"

स्लिम पेन टाकून पळाला. मी गेलो खणात.

तो 'नंतर' सात महिने आला नाही. दर शुक्रवारी दवाखाना बंद असे, तेव्हा स्लिम कामाला येई. बाई त्याला गल्ल्यातून रोख देत, त्यामुळे नाव लिहायचा प्रसंगच येईना. कधी खण उघडला की मी दिसे. "अरे स्लिम, तुझा तो कागद..." "पुढच्या शुक्रवारी, बाई. हात ग्रीसचे आहेत." बाई हसून खण लावत. घरून आणलेली, मऊ पावासारखी बिस्किटं आणि त्यावर ओतायची ग्रेव्ही त्याच्यासाठी बाजूला ठेवत. जीव होता त्यांचा त्याच्यावर. पण नाव माहीत नव्हतं.

आता हे ऐका. त्याच दवाखान्यात नुसता दात दुखतो म्हणून कोणी आलं, तर तोंड उघडण्याआधी पाच पानं भरावी लागतात. आईला साखरेचा आजार होता का? काही झालं तर कोणाला फोन करायचा? आणि ज्याच्या पंपावर तो सगळा दवाखाना चालत होता, त्याला काही झालं तर कोणाला कळवायचं, हे एकाही कागदावर नव्हतं. भिंतीवर पाटी मात्र मोठी: 'वेळीच या, त्रास टाळा.'

नोव्हेंबरमधल्या एका शुक्रवारी दुपारी तळघरात धाडकन आवाज झाला. बाई धावल्या. स्लिम शिडीखाली पडला होता, डोळे उघडे, बोलणं बंद. डोक्यात रक्तस्राव झाला होता. फोन शेजारच्या बादलीत बुडाला होता. पाकीट घरी. गाडी बिघडली म्हणून तो कोणाबरोबर तरी आला होता.

रुग्णवाहिकेतल्या माणसानं विचारलं, "नाव?"

"स्लिम."

"आडनाव?"

बाईंनी खण उघडला. मला बाहेर काढलं, उलटंपालटं केलं. माझ्याजवळ काय होतं? एक ठिपका.

"राहतो कुठं?"

"वर... डोंगरात कुठंतरी. भाऊ आहे त्याला एक. त्याच्याबद्दल फार बोलायचा हो!"

हेलिकॉप्टरनं त्याला मोठ्या शहरातल्या इस्पितळात नेलं. तिथं त्याची नोंद झाली: अनोळखी पुरुष.

तो भाऊ म्हणजे कोडी. वय एकवीस. आईबाप गेल्यावर थोरल्यानंच वाढवलेला. रस्त्याच्या कामावरून शनिवारी घरी आला तर ट्रेलर, म्हणजे दोघांचं चाकांवरचं घर, रिकामा. त्यानं झाडून सगळ्या इस्पितळांना फोन केले, त्या मोठ्यालासुद्धा. "डेल्बर्ट रॅटलिफ आहे का तुमच्याकडे?" "या नावाचं कोणी नाही." खोटं कोणीच बोललं नाही. रविवारी पहाटे डेल्बर्ट, म्हणजे आमचा स्लिम, गेला. दोन रात्री तो जिवंत होता, आणि हात धरायला कोणी नव्हतं. दवाखान्यात कोणी पडल्याचं पेट्रोल पंपावर कोणीतरी सांगितलं म्हणून, सोमवारी कुलूप उघडताच कोडी तिथं पोचला, तोवर धरायला हातच उरला नव्हता.

जानेवारीत हिशेबनिसानं बाईंना दम दिला: महिनाअखेरीच्या आत त्या माणसाचं नाव आणि नंबर पाहिजे. बाईंनी कोडीला बोलावलं. तो चिखलाच्या बुटांनी आत आला.

"बाळा, कसं सांगू तुला... हा एवढा फॉर्म..."

"आता नाव पाहिजे तुम्हाला?" कोडी ओरडला. "तो तिकडं एकटा मरत होता, तेव्हा नव्हतं पाहिजे! सात महिने, बाई! तुमची बिस्किटं घरी आणून द्यायचा मला. म्हणायचा, चांगली माणसं आहेत रे."

बाई रडू लागल्या. डॉक्टर दारात येऊन उभे राहिले. कोडीनं मला उचललं. चुरगाळणार होता, मला कळलं ते. मग त्याची नजर पहिल्या ओळीवर गेली.

"हे काय आहे?"

"त्यानं पेन टेकवलं होतं," बाई म्हणाल्या. "पहिल्या दिवशी. लिहिणारच होता, तेवढ्यात डॉक्टर म्हणाले, नंतर."

कोडीनं त्या ठिपक्यावर अंगठा ठेवला. मग मला घडी घालून खिशात ठेवलं.

"अरे, पण मुदत आहे त्याला! नंबर तरी..."

कोडीनं दारातल्या डॉक्टरांकडे पाहिलं. "नंतर," तो म्हणाला, आणि निघाला.

आता मी ट्रेलरमध्ये आहे, फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली. कर खात्याच्या दृष्टीनं माझी किंमत शून्य. कधीकधी कोडी पेन घेऊन येतो. त्या ठिपक्यापासून दादाचं नाव लिहायला सुरुवात करावी म्हणून पेन वर धरतो, आणि तसाच ठेवून देतो. लिहिलं तर ठिपका झाकला जाईल.

दवाखान्यात म्हणे आता नाव लिहिल्याशिवाय कोणाच्या हाती झाडूसुद्धा देत नाहीत. देऊही नये. आमचा माणूस काही त्यानं परत येत नाही. पण तुमच्या दारात उद्या कोणी कामाला आलं, तर हातातलं काम थांबवा आणि त्याला नाव विचारा. पूर्ण नाव. आणि घरी कोण आहे, तेही.