भरून ठेवलेली ढोलकी

कोडोलीत प्रसेनजीतची पेटी आणि बाळासोची ढोलकी ही नावं एका दमात घ्यायची रीत होती. गोष्ट एक्क्याण्णव सालची. एप्रिल, जयंतीचा महिना, आला की या दोघांच्या गायन पार्टीला गावोगावची बोलावणी यायची. गाणी प्रसेनजीत स्वतः लिहायचा, चालही त्याचीच. पण खोटं कशाला बोला, दुसरी ओळ त्याला बाळासोशिवाय सुचायची नाही. मुखडा म्हणून तो अडला की बाळासो ढोलकी घुमवत राहायचा, घुमवत राहायचा, आणि समेवर थाप टाकून ओरडायचा, “व्वा रं!” त्या ओरडण्यासरशी पुढची ओळ प्रसेनजीतच्या तोंडातून बाहेर पडायची. ‘तळ्याच्या पाण्या, सांग जरा, पहिली ओंजळ कुणाची’ हे गाणं असंच आलं, बाळासोच्या सोप्यात, जेवता जेवता. त्या घरात प्रसेनजीतला पाहुण्यासारखं कुणी वाढायचं नाही. बुट्टीतली भाकरी तो आपली आपण घ्यायचा, आणि बाळासोची बायको सोनूबाई वर त्यालाच सांगायची, भावजी, तेवढी चटणी माझ्याकडं सरकवा.

पुढं पेटी जाऊन कीबोर्ड आला आणि शिवाजी पेठेतल्या एका ऑर्केस्ट्रानं प्रसेनजीतला बोलावलं. बाळासो असेल तरच येतो, असं त्यानं मालकाला तोंडावर सांगितलं. तेव्हा तो असा होता, हेही सांगायला पाहिजे. लग्नाच्या वराती, गणपतीचे कार्यक्रम, जीपच्या टपावर स्पीकर बांधलेले, आणि आत एकमेकांच्या खांद्यावर मान टाकून झोपलेले हे दोघं. अशी सात वर्षं गेली.

दोन हजार साली प्रसेनजीतनं नवा कीबोर्ड घेतला. त्यात बाहेरचा आवाज भरून ठेवता यायचा, आणि एक बटण दाबलं की तोच ठेका हवा तेवढा वेळ वाजत राहायचा. कसबा बावड्यातल्या आपल्या खोलीवर त्यानं बाळासोला बोलावलं आणि तुझे सगळे ठेके यात भरून घेऊ म्हणाला. बाळासो फोटो काढायला आल्यागत इस्त्रीचा शर्ट घालून आला. दुपारभर घाम गाळून वाजवत बसला. कशासाठी, हे त्यानं विचारलंसुद्धा नाही. उलट जाताना म्हणाला, “बरं केलंस जित्या. मी कधी आजारी पडलो तर तुझी अडचण व्हायची न्हाई.”

त्याच आठवड्यात प्रसेनजीतनं ते ठेके साफसूफ केले. प्रत्येकाच्या शेवटी बाळासोचं ‘व्वा रं’ होतं. ठेका फिरायला लागला की ते दर थोड्या वेळानं यायचं, आणि भर गाण्यात कुणी पोटात गुदगुल्या केल्यासारखं व्हायचं. त्यानं एकेक करत सगळी कापून टाकली.

बाळासो काही आजारी पडला नाही. गडी धडधाकट होता, आणि तीच तर पंचाईत झाली. लोकच विचारायला लागले, एकटा येशील का? एक माणूस, एक कीबोर्ड, जीप नको, मागं जेवायला सात तोंडं नकोत. प्रसेनजीत एकदा हो म्हणाला, मग दुसऱ्यांदा. बाळासोला सांगायचं तो रोज ठरवायचा आणि रोज कच खायचा. शेवटी, औंदा जयंतीला आपल्याला बोलावणंच नाही, असं सांगून मोकळा झाला.

नेमका त्याच जयंतीला बाळासो कसबा बावड्यात मेहुण्याकडं आला होता. संध्याकाळी त्यानं लाऊडस्पीकरवर ढोलकी ऐकली. आपल्यासारखाच हात कुणाचा बघावा, म्हणून कौतुकानं मांडवात शिरला. स्टेजवर प्रसेनजीत एकटा. दोघांची नजरानजर झाली. बाळासो गाणं संपेपर्यंत खांबाला धरून उभा राहिला, बाकीच्यांबरोबर टाळ्या वाजवल्या आणि निघून गेला. चार शिव्या हासडल्या असत्या तर प्रसेनजीत सुटला असता.

मग प्रसेनजीतची कॅसेट निघाली, मागनं सीडी. शब्द, संगीत, स्वर, तिन्ही ठिकाणी एकच नाव. चारचौघांत नाव झालं, सत्कार झाले. पण गाणी सगळी जुनी! नवा मुखडा सुचायचा आणि घोडं तिथंच अडायचं. बटण दाबून तो तासन्‌तास बसायचा. हात बाळासोचाच, थाप तीच, पण समेवर येऊन ढोलकी मुकाट्यानं पुढं जायची. सात वर्षांत एक नवं गाणं पुरं झालं नाही. आपण काय कापून टाकलं ते त्याला तेव्हा कळलं, आणि कळून करणार काय?

दोन हजार नऊच्या मार्चात तो कीबोर्ड घेऊन कोडोलीला गेला. बाळासोनं एकदा, फक्त एकदा ढोलकी घेऊन समोर बसावं, एवढंच मागायचं होतं. माफीही मागायची होती, पण तिला हात कुठनं घालावा ते एसटीतनं उतरेपर्यंत ठरलं नाही.

“भावजी, वाट चुकलासा व्हय?” सोनूबाई दारातच म्हणाली, आणि ती हसली म्हणून त्याला धीर आला. बाळासो सोप्यात बसला होता. त्याच्या उजव्या हाताची दोन बोटं नव्हती. गुऱ्हाळात चरकात गेली, दोन वर्षं झाली, असं त्यानं पाऊसपाणी सांगावं तसं सांगितलं. दोन वर्षं! बसनं तासाभराची वाट, आणि प्रसेनजीतला पत्ता नाही. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. कीबोर्डची पिशवी त्यानं हळूच पाठीमागं सरकवली.

बाळासोच म्हणाला, “भरून ठेवल्यालं हाय न्हवं तुझ्याकडं? लाव की, जित्या. माझा हात ऐकू दे मला.”

प्रसेनजीतनं लावलं. बाळासो डोळे मिटून ऐकत राहिला. उरलेली बोटं मांडीवर चालत होती आणि चेहरा पार उजळला होता. सम जवळ आली तशी त्याची मान वर झाली, तोंड उघडलं. थाप पडली, आणि ठेका गुमान पुन्हा पहिल्यापासनं सुरू झाला. त्यानं डोळे उघडले.

“हितं मी व्वा रं म्हणलतो की.”

“व्हय.”

“मग कुठं गेलं ते?”

मशीन बिघडलं म्हणता आलं असतं. पण या माणसाशी आता आणखी एक खोटं बोलायची प्रसेनजीतला लाज वाटली.

“मी काढून टाकलं, बाळू. गाण्याच्या मधी येत हुतं.”

बाळासोनं मान हलवली. तो रागावला नाही. मांडीवरची बोटं त्यानं मिटून घेतली. मग आत तोंड करून सोनूबाईला म्हणाला, “अगं, पावण्यास्नी चहा टाक.”