पिल्लांचे डबे

संग्रहालयाच्या तळघरातली खोली मामाची होती. तो निवृत्त झाला तशी ती भाचीकडे आली, आणि तिथली जुनी हाडंही. मामाचा धाक मात्र कायम होता. कुणी ‘सील मासा’ म्हटलं की तो अजूनही खवळायचा, “मासा नव्हे! अस्वलाचा समुद्रात गेलेला भाऊबंद आहे तो!”

दगडाच्या खाणीतून निघालेले त्याचे सील कधीच नामशेष झालेले होते. अख्खा सांगाडा एकही नव्हता, सगळे तुकडेच. त्यावरून मामानं ठरवलं होतं की खाणीत एकच जात आहे, माणसाच्या दीडपट लांबीची. लहान हाडं निघाली ती ‘पिल्लू’ अशी चिठ्ठी लावून पत्र्याच्या डब्यांत गेली.

कपाट झाडताना त्यातला एक डबा उघडला आणि भाचीच्या हाती मांडीच्या हाडाचा तुकडा आला. सहज म्हणून तिनं तो भिंगाखाली धरला आणि परत परत फिरवून पाहिला. वाढत्या जनावराच्या हाडाचं टोक आणि दांडा यांच्यामध्ये भेग असते. वाढ पुरी झाली की ती बुजते. इथं भेग नव्हतीच.

मामाला सांगणं भाग होतं. दुपारी तो काठी टेकत आला. आताशा त्याला नुसता उजेड तेवढा कळायचा.

“डोळे गेलेत, अक्कल नाही गेली. आण इकडे.”

त्यानं हाडावरून नख फिरवलं. परत फिरवलं. चेहरा उतरला.

“नख कुठं अडकतच नाही गं.”

“नाही ना.”

“म्हणजे जन्मभर मी थोरामोठ्यांना पिल्लं म्हणत आलो?”

भाचीला हसू आवरेना. मामाही हसला, पण लगेच सावरून म्हणाला, “एका हाडावर जात ठरवायची नसते. हा एखादा खुरटलेला असेल. काढ सगळे डबे!”

टेबलावर हाडं मांडली गेली. भाची एकेक हातात द्यायची, मामा नख फिरवायचा. “मोठा. हाही मोठा.” त्याचा आवाज हळू होत गेला. भाचीनं दंडाचं हाड त्या दांडग्या सीलच्या हाडाशेजारी ठेवलं. फरक नुसत्या आकाराचा नव्हता. स्नायू धरणारा उंचवटा लहान हाडावर पार खालपर्यंत उतरला होता.

“मामा, हे घराणंच वेगळं आहे.”

त्याच्या हातात शेवटचा तुकडा होता, अंगठ्याएवढा, आणि त्यावर नख अडकलं होतं.

“हे मात्र खरंच पिल्लू,” तो कुजबुजला.

त्या धिप्पाड सीलांच्या समुद्रात ही चिमुकली जात पोहली होती, व्याली होती, लेकरं वाढवून संपूनही गेली होती. आणि आज, या टेबलापाशी, पहिल्यांदा कुणाला तरी तिचा पत्ता लागला होता.

“याची आई केवढी असेल गं?”

भाचीनं हाडांवरून अंदाज बांधला, मामाचे दोन्ही हात धरले आणि टेबलावर दूर दूर ठेवले. एवढी.

मामा हात तसेच पसरून बसून राहिला. चहा आला, निवून गेला. भाचीनं त्याच्या खांद्याला हात लावला.

“थांब जरा,” तो म्हणाला. “बघू दे मला.”