तोंड मिटून काढलेले दिवस

मी एक म्हातारा शिंगाळा मासा आहे. तोंडाशी लांब मिशा, पाठीवर विषारी काटा आणि अंगावर एकही खवला नाही. मित्रांनो, ओमानमध्ये बरकाजवळच्या एका उथळ खाडीत माझा जन्म झाला, तोही माझ्या वडिलांच्या तोंडात! हसू नका. आमच्यात मादी बोराएवढी अंडी घालते आणि नर ती तोंडात सांभाळतो. पिल्लं पोहायला लागेपर्यंत बाप काही खात नाही.

मोठा झाल्यावर मीही बाप झालो. खाडीच्या चिखलात आम्ही मोठे नर गाल फुगवून शांत पडून असायचो.

मग किनाऱ्यालगत खाऱ्या पाण्याचा एक तलाव झाला. तिथे लोक पैसे भरून गळ टाकत, मासा धरत, फोटो काढत आणि त्याला पुन्हा तलावात सोडत. फोटोला मोठाच मासा हवा. म्हणून खाडीत जाळं पडे, लहानांना सोडलं जाई आणि मोठ्यांना नेलं जाई. ओठ फाटून, दाटीत गुदमरून ते मरत. मग जाळं पुन्हा येई. खाडीत फुगलेले गाल दरवर्षी कमी दिसू लागले.

यंदा मीही सापडलो, तोंडात अंडी असताना. ट्रकच्या टाकीत माझ्या शेजाऱ्यांनी घाबरून तोंडं उघडली. त्यांची अंडी तळाशी सांडली आणि धक्क्यांनी फुटली. मी तोंड मिटून राहिलो.

तलावात माझ्या अंड्यांतून पिल्लं निघाली, पण ती अजून पोहण्याजोगी नव्हती. समोर गळाला लावलेली कोळंबी लोंबत असे. भूक तर फार लागे. मी हलत नसे.

एका शुक्रवारी जवळच्या माबेला उपनगरातून अंबरीश नावाचे गृहस्थ मुलीला, इराला घेऊन आले. आम्हा शिंगाळ्यांना ऐकू छान येतं.

"सादिकभाई, हा धटिंगण कोळंबीकडे बघतही नाही. उपास धरलाय काय यानं?"

"रोजा असेल, साहेब," राखणदार सादिक हसला. तो मूळचा रत्नागिरीचा.

"बाबा, त्याचे गाल बघा ना. त्याला मम्प्स झालंय?" इराने विचारलं.

सादिकचं हसू थांबलं. त्याने मला हातजाळ्यात उचललं. माझा जीव कासावीस झाला. ओल्या अंगठ्याने त्याने माझा ओठ किंचित दुमडला आणि लगेच मला पाण्यात धरलं.

"या अल्ला! बापूस हाय हा. तोंडात पोरां हायत याच्या!"

त्याने मालकाला फोन लावला. "अर्बाब, मोठा शिंगाळा परत खाडीत सोडू? हां, सगळ्यात मोठा. पण याची पोरं इथे मेली, तर पुढं खाडीत काय मिळणार?"

फोनवर मालक बोलू लागला. इराने बाबांचा हात घट्ट धरला होता.

"शुक्रन, अर्बाब. हां, पिल्लांच्या मोसमात जाळं बंद, खलास." मग तो इराकडे वळला. "बादली आण, यल्ला, लवकर!"

खाडीत परतल्यावरही मी तोंड मिटूनच होतो. थोड्या दिवसांनी पिल्लं आत धडपडू लागली, तेव्हा हळूच उघडलं. ती एकेक बाहेर आली, माझ्या मिशांभोवती फिरली आणि गढूळ पाण्यात निघून गेली. मग मी एक खेकडा खाल्ला. काय चव होती!

मित्रांनो, गळ जरूर टाका. पण माझ्यासारखा कोणी हाती आला, तर काटा सांभाळून आधी त्याचे गाल बघा. फुगलेले असतील तर त्याला त्याच्या पाण्यात जाऊ द्या. फोटो पुढच्या वर्षी काढा. तेव्हा आम्ही पुष्कळ असू.