कापगते उभे आहेत तोवर

सोमवारी सकाळी मधुकर कापगते चहा प्यायला खुर्चीवर टेकले आणि समोरचा नवा पूल तेवढाच खाली बसला. आवाज झाला नाही, धूळ उडाली नाही. खांबांसकट अख्खा पूल नदीत शिरला आणि त्यावरून चाललेल्या दूधवाल्याच्या सायकलची चाकं पाण्यात बुडाली. कापगत्यांच्या हातून कप सुटला. ते ताडकन उभे राहिले, तसा पूलही वर आला. दूधवाला ओल्या चाकांनी पलीकडे निघून गेला. त्याने मागे वळूनही पाहिलं नाही.

कापगत्यांना दरदरून घाम फुटला. ते सार्वजनिक बांधकाम खात्यात स्थापत्य सहायक होते, तेही ज्येष्ठ. म्हणजे पूल कागदावर काढायचा साहेबलोकांनी आणि तो तसाच जमिनीवर उतरतो की नाही हे उन्हात उभं राहून बघायचं कापगत्यांनी. सळ्यांमधलं अंतर मोजायचं, काँक्रीटचे ठोकळे तपासणीला पाठवायचे, गवंड्याच्या अंगावर खेकसायचं, यात जन्म गेला होता. पूल बसलेला त्यांनी पाहिला होता, पण असा आपल्याबरोबर बसणारा पाहिला नव्हता. खात्री करायला ते हळूच पुन्हा टेकले. पूल पुन्हा बुडाला.

"श्रावण," ते उठून म्हणाले, "दिसलं का?"

श्रावण मेश्राम खात्यातला जुना खलाशी, म्हणजे मोजणीचा मदतनीस, मोजणीची पट्टी धरून धरून तोही पट्टीसारखाच सरळ झालेला. "दिसलं जी," तो म्हणाला. "तुमी आता बसू नोका."

दुपारपर्यंत उपअभियंता गिरडकर मॅडम जीप घेऊन आल्या. त्यांनी तिवईवर दुर्बीण लावली. कुठल्याही बांधकामाला एक न हलणारी खूण लागते. शाळेची पायरी असेल, देवळाचा ओटा असेल, नाहीतर नुसता लाल बाण काढलेला दगड. बाकीच्या सगळ्या उंच्या त्या एका खुणेवरून मोजतात. तिला बेंचमार्क म्हणतात. या पुलाचा बेंचमार्क विश्रामगृहाजवळचा दगड होता, आणि त्यावर बिडी ओढत बसणाऱ्या किती जणांना कापगत्यांनी शिव्या देऊन उठवलं होतं. मॅडमनी त्या दगडावर पट्टी धरायला लावली. दर वेळी निराळाच आकडा आला. मग त्यांनी पट्टी कापगत्यांच्या डोक्यावर धरायला सांगितली, दर वेळी तोच आकडा आला तेव्हा दुर्बिणीला टोपण घातलं.

"दगड गेला," त्या म्हणाल्या. "आता तुम्ही आहात, कापगतेजी. हलायचं नाही."

"कधीपर्यंत?"

"पूल आहे तोवर."

"त्यापेक्षा पूल दोन दिवस बंद ठेवू, मॅडम. मी जरा आडवा होतो."

"पुलाचं उद्घाटन झालंय. बंद करायला वरून आदेश लागतो. आदेश तुमच्यापुरता आलाय."

कापगत्यांना राग आला, पण त्याहून मोठी काळजी पोटात होती. त्यांची एकुलती एक लेक ज्योत्स्ना नदीपलीकडे दिली होती. ती पहिल्या बाळंतपणाला माहेरी येणार होती, बुधवारी, याच पुलावरून. पूर्वी फेऱ्याच्या रस्त्याने जीपमधले धक्के खात यावं लागे, आणि त्या धक्क्यांनी तिचं आधीचं एक मूल पोटातच गेलं होतं. म्हणून या पुलाची एकेक सळई कापगत्यांनी जिवाच्या करारावर बघून घेतली होती. लेक पलीकडून सुखरूप येईपर्यंत उभं राहायचं, बाकीचं मग बघू, असं त्यांनी ठरवलं.

पुलाच्या तोंडाशी, कठड्याच्या बाजूला, रस्त्यापेक्षा जराशा खोलगट जागी ते उभे राहिले. तिथून पुलाची फरशी त्यांच्या कमरेला लागत होती. श्रावणने त्यांच्या शर्टावर तेलरंगाने लाल बाण काढला. बायकोने उभ्या उभ्या भात भरवला, डोळे पुसले आणि म्हणाली, "अवो, मान तरी हलवत जा थोडी." त्यांनी मान हलवली नाही. झोपेत डोकं कलू नये म्हणून श्रावणने आपल्या दुपट्ट्याने ते मागे रोवलेल्या लाकडी बल्लीला बांधलं. गावातले लोक येऊन त्यांच्यापुढे नारळ फोडू लागले, आणि खोबऱ्याचा तुकडा त्यांच्या तोंडात घालून पुलावरून निघून जाऊ लागले. एकदा त्यांना शिंक आली. पुलावरचा ट्रॅक्टर हातभर उडाला.

माणूस सकाळी असतो त्यापेक्षा संध्याकाळी किंचित बुटका होतो, हे कापगत्यांना ठाऊक नव्हतं. पुलाला ठाऊक होतं. मंगळवारी दिवस कलताना मधला सांधा खचला आणि तिथे एक पायरी तयार झाली. मॅडमनी पायरीला बोट लावून पाहिलं, मग कापगत्यांच्या गुडघ्यांकडे पाहिलं.

"जॅकेट करावं लागेल," त्या म्हणाल्या.

खांब कमजोर झाला की त्याच्याभोवती सळ्या बांधून काँक्रीटचा अंगरखा चढवतात. त्याला खात्यात जॅकेट म्हणतात. कापगत्यांनी असे कितीतरी खांब जगवले होते.

"मला?" त्यांनी विचारलं.

"उद्या पोटरीपर्यंत भरू. मग कमरेपर्यंत. छातीचं नंतर ठरेल."

बुधवारी दुपारी श्रावणने त्यांच्या पायांभोवती सळ्या बांधल्या. गवंडी माल कालवू लागला, आणि सवयीने कापगते खेकसले, "पाणी कमी घाल! घट्ट पाहिजे!" गवंड्याने पाणी कमी केलं. गार माल बुटांवरून चढत पोटरीला लागला तेव्हा आपण हे काय बोलून बसलो ते त्यांच्या ध्यानात आलं. ओरडावं असं वाटलं, पण ओरडताना छाती वर उचलली जाते, म्हणून ते गप्प राहिले.

तेवढ्यात पलीकडून काळीपिवळी जीप पुलावर आली. मधल्या पायरीशी तिची चाकं अडली. ड्रायव्हरने दोनदा जोर लावून पाहिला, मग खाली उतरून तो गावाकडे धावत सुटला. कापगत्यांच्या जवळून जाताना ओरडला, "नर्सबाईले आणतो! पोरीच्या कळा सुरू झाल्या!"

जीपच्या मागच्या दारातून ज्योत्स्ना उतरली. कठडा धरून दोन पावलं चालली आणि तिथेच फरशीवर बसली.

"बाबा!" तिने हाक मारली. "बाबा, या न लवकर! मले उठता नाही येत!"

"श्रावण, तू जा," कापगते म्हणाले.

श्रावणने फरशीवर पाय टेकला, पण फरशीने त्याला घेतलं नाही. पाय आरपार खाली गेला आणि तो पुन्हा खोलगटात पडला. त्याच्यामागून मॅडम गेल्या, त्याही तशाच पडल्या. आता पूल नव्याने कुणाला वर घेत नव्हता, तो फक्त एकाच माणसाला ओळखत होता.

कापगत्यांनी हिशेब केला. आपण पुलावर चढलो की डोकं वर जाणार. डोकं वर गेलं की पूल वर येणार. पूल वर आला की त्याच्यावर उभे असलेले आपण आणखी वर जाणार, आणि आपण गेलो की पुन्हा पूल. त्यांना हे सगळं स्वच्छ दिसलं.

"बाबा!" ज्योत्स्ना किंचाळली.

त्यांनी डोक्याचा दुपट्टा सोडला. माल घट्ट होता. पाय निघाले, बूट आतच राहिले. सळ्यांनी पोटऱ्या सोलून निघाल्या. त्यांनी कठडा धरला आणि अनवाणी पुलावर चढले. फरशीने त्यांना घेतलं.

पूल निघाला. रस्त्यापासून सुटला, पलीकडच्या तीरापासून सुटला, खांब पाण्यातून ओघळत वर आले. मॅडम खाली लहान होत गेल्या. कापगते मान ताठ ठेवून चालत राहिले. जीपजवळ पोचेपर्यंत खालची नदी सुतळीएवढी झाली होती, आणि वारा इतका गार की लेकीच्या तोंडातून वाफ येत होती.

"बाबा," ती कण्हली, "येतंय ते. धरा न. खाली फरशीवर पडंल."

खालून, फार खालून, श्रावणचा आवाज आला. "साहेब, वाकू नोका! आता वाकू नोका जी!"

कापगत्यांनाही ते कळत होतं. वाकलं की पूल खाली, पूल खाली गेला की आपण खाली, आणि मग थांबायला काही नाही. त्यांना इतकी भीती कधीच वाटली नव्हती. त्यांनी लेकीच्या मांडीजवळ पाहिलं. काळ्या ओल्या केसांचं एक डोकं बाहेर आलं होतं.

ते वाकले. दोन्ही हातांत त्यांनी बाळ झेललं. खालची नदी भराभर रुंद होत वर येऊ लागली, आणि बाळ अजून रडलं नव्हतं.