शेवटचा हप्ता

सेलूजवळच्या एका खेड्यात मनकर्णा बालवाडी चालवायची. सत्त्याऐंशी साली तिनं सेलूच्या एका शेठजींकडून हप्त्यानं लेडीज सायकल घेतली. हप्ते वेळेवर भरले तर व्याज माफ, एक जरी हुकला तर सगळ्या रकमेवर व्याज, असं ठरलं होतं.

शेवटचा हप्ता भरायला मात्र ती मुदतीच्या दिवशी एस.टी.नं न जाता सायकलवरच निघाली. एवढ्या लांब ती पहिल्यांदाच जात होती. वाटेत कापूस वेचणाऱ्या पोरींनी तिला गराडा घातला.

"बाई, आमाला बी एक चक्कर द्या की!"

एकीला दिली, मग दुसरीला नाही कसं म्हणायचं? तिसरी तर पाटात पडली आणि चिखलानं माखून हसतच उठली. मनकर्णा सेलूला पोचली, तेव्हा शेठजींच्या दुकानाला कुलूप होतं.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली, तर शेठजींनी नकारार्थी मान हलवली. "तारीख गेली बाई, सवलत बी गेली. आता व्याज लागतंय."

मनकर्णानं वाद न घालता हप्ता भरला. व्याज पुढच्या पगारात देते म्हणाली आणि घरी आली. नवरा सूर्यभान चिडलाच. "एका दिसापायी एवढं व्याज? वाटंत उशीर कशापायी केलास?"

तिनं सगळं सांगितलं. पाटातल्या पोरीचं सांगताना तिला हसू आवरेना, मग सूर्यभानलाही हसू फुटलं.

"मला बी येत न्हाई सायकल," तो हळूच म्हणाला.

"मग बसा की!"

सीट धरून मनकर्णा त्याच्या मागं पळू लागली आणि अख्खी आळी बघायला जमली.