घंगाळाच्या काठावरचं नाव

मित्रांनो, सांगायला बसले खरी, पण ताठ मानेनं सांगावी अशी माझी गोष्ट नाही. मी एक जुनी व्हॅन आहे, आत माणसांना राहता येईल अशी. पलंग, टेबल, कपाट, हात धुवायचं भांडं, असा सगळा संसार पोटात घेऊन फिरणारी. आमच्यासारख्यांचं इंजिन बिघडलं तर मिस्त्री मिळतो, टायर फुटलं तर टायर मिळतं. आतला संसार मोडला तर मात्र कुणी वाली नसतो. माझा मोडला होता. तो एका भल्या माणसानं पुन्हा मांडून दिला, आणि त्यात जे घडलं त्याची लाज मला अजून वाटते.

माझा जन्म जर्मनीतला. एक डॉक्टर जोडपं मला घेऊन देश बघत फिरत होतं. त्र्याण्णव साली आम्ही गोव्याच्या वाटेवर असताना त्यांना भूकंपाची बातमी कळली आणि त्यांनी गाडी लातूरकडे वळवली. पत्र्याच्या शेडांसमोर मी उभी राहिले तेव्हा एका म्हातारीनं आत डोकावून विचारलं, "ही मोटर हाय का घर हाय गं बाई?" माझ्या खिडक्यांना फुलाफुलांचे पडदे होते. ज्यांची घरं मातीत गेली त्यांच्यापुढे ते पडदे मिरवताना मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण माझ्या पलंगावर जखमा शिवल्या गेल्या, बाळंतपणं झाली, आणि लोक मला "दवाखान्याची मोटर" म्हणून मान देऊ लागले.

दीड वर्षानं डॉक्टर परत गेले. जाताना त्यांनी मला आनंदराव यांच्या हवाली केलं. ते सरकारी दवाखान्यात कंपाउंडर होते आणि डॉक्टरांचं बोलणं लोकांना समजावून सांगायचे. त्यांनी मला जिवापाड जपलं. पुढे इंजिन थकलं आणि लातुरात त्यांच्या घरामागे माझा मुक्काम पडला.

तोवर लातूर क्लासच्या मुलामुलींनी गजबजलं होतं. गल्लोगल्ली खोल्या उठल्या. आनंदरावांनीही मुलींसाठी सहा खोल्या बांधल्या, आणि मुलींनी मला हळूहळू वाटून घेतलं. माझं टेबल एका खोलीत अभ्यासाला गेलं, गादी दुसरीत, कपाटाच्या फळ्यांवर पुस्तकं चढली. हात धुवायच्या भांड्यात कपडे भिजू लागले आणि एक दिवस ते तडकलं. माझ्या काचांवर क्लासच्या जाहिराती चिकटल्या. त्या आतून उलट्या दिसत. त्याच वाचत वाचत मी मराठी अक्षरं शिकले. हे लक्षात ठेवा, कारण माझा गुन्हा इथूनच सुरू होतो.

आनंदरावांची लेक महामाया डोळ्यांची डॉक्टर झाली. गावोगावी जाऊन म्हाताऱ्यांचे डोळे तपासायचे असं तिनं ठरवलं आणि मला कोपऱ्यातून बाहेर काढलं. नांदेडच्या मेकॅनिकनं आठ दिवसांत इंजिन बोलतं केलं. आतल्या वस्तूंनी मात्र चार महिने घेतले. महामायानं हैदराबादला फोन केले, पुण्याला केले. सगळीकडे एकच उत्तर: असली गाडी आम्ही चित्रात पाहिली आहे. शेवटी आनंदराव मकबूल मिस्त्रींना घेऊन आले. सत्तरीला टेकलेले, बसच्या बॉड्या बांधण्यात हयात घातलेले.

"पार्ट कशाला हुडकून राहिलीस बेटी?" ते म्हणाले. "नाप घेतो, करून देतो."

त्यांनी पुठ्ठ्याचे साचे कापले. एसटीच्या जुन्या सीटच्या बिजागऱ्या पलंगाला बसवल्या. खिडकीची कडी कानशीनं घासघासून अशी केली की जर्मनीतला कारागीरही चकित झाला असता. अडलं ते हात धुवायच्या भांड्यापाशी. त्या मापाचं, त्या खोलीचं भांडं कुठेच मिळेना. मग एक दिवस मुरूडच्या मोडीच्या दुकानातून ते एक पितळी घंगाळ घेऊन आले. रुंद काठाचं, जड, नामी. चिंचेनं घासल्यावर ते असं उजळलं की माझं अख्खं पोट उजळून निघालं.

त्या काठावर नाव होतं. लग्नात भांडी देताना आपल्याकडे नाव घालतात, तसं. बारीक ठिपक्यांनी कोरलेलं: "चि. सौ. कां. शिवकांता हिस मामाकडून". पुढे एक कोयरी. मकबूलचाचा निजामाच्या काळापासून चालत आलेल्या उर्दू शाळेत शिकलेले. त्यांना मराठी वाचता येत नव्हतं, त्यांना ती नक्षी वाटली. तोटी बसवायला काठावर जागा हवी होती. त्यांनी मधोमध खूण केली आणि ड्रिल लावला. "शिव" ही दोन अक्षरं पितळेचा भुगा होऊन खाली पडली.

मी वाचलं होतं, मित्रांनो. मला बोलता येत नाही हे खरं. पण मला साधं वाईटसुद्धा वाटलं नाही. मी माझ्याच झगमगाटावर खूश होते. ही कुणाची शिवकांता, तिचं घंगाळ मोडीत का आलं, असा विचार माझ्या मनाला शिवला नाही. आणि महामाया, आनंदराव, खोल्यांतल्या हुशार मुली, सगळ्यांनी त्यात हात धुतले. एकानंही काठ वाचला नाही.

पहिलं शिबिर भूकंपानंतर वसलेल्या एका नव्या गावात होतं. बायकांच्या रांगेत सिद्धम्मा नावाच्या आजी होत्या. डोळ्यांत पडदा आलेला. तपासणीआधी हात धुवायला म्हणून महामायानं त्यांना घंगाळापाशी नेलं. आजींचा हात काठावरून सरकला, कोयरीवर आला आणि तिथेच थांबला.

"ही कोयरी म्या काढाय लावली होती," आजी पुटपुटल्या. मग म्हणाल्या, "माय, हितं काय लिवलंय, वाच बरं."

महामायानं वाकून पाहिलं. "चि. सौ. कां.…" ती थांबली. "मध्ये तोटी आहे, आजी. पुढे 'कांता हिस मामाकडून'."

"शिवकांता," आजी म्हणाल्या. "माझी लेक. दिवाळीनंतर लगीन होतं. सगळी भांडी घरात येऊन पडली होती." भूकंपात घर लेकीवर कोसळलं होतं. ढिगाऱ्यातली भांडी कोण कुठे घेऊन गेलं, कुणाला ठाऊक. "फोटू न्हाई तिचा. साळंत कदी गेली न्हाई. नाव लिवलेलं तेवढंच होतं."

त्यांचा आवाज जराही चढला नाही. रडल्या असत्या तर बरं, असं मला झालं. माझ्या पोटात उभं राहून एक आई आपल्या लेकीच्या नावातलं भोक बोटानं चाचपत होती आणि त्या भोकात मी माझी तोटी मिरवत होते.

महामायानं शिबिर थांबवलं नाही, पण सगळे डोळे तपासून झाल्यावर तिनं लातूरला फोन लावला. दुसऱ्या दिवशी मकबूलचाचा बसनं आले. ते वर चढलेच नाहीत. खाली, आजींसमोर मातीत बसले.

"आक्का, माजी लई मोठी चूक झाली. मला मराठी वाचता येत न्हाई, अन् म्या कुणाला इचारलं बी न्हाई."

"मला तरी कुटं येतंय मिस्त्री," आजी म्हणाल्या. "भोक बुजंल का?"

"बुजंल. पन अक्षर परत येत न्हाई."

त्यांनी स्क्रू काढून घंगाळ सोडवलं. भोकात पितळी चकती बसवून डाख दिला, घासून सपाट केलं. मग महामायाकडे कागद मागितला. "तेवढं दोन अक्षर मोठं काढून दे, बेटी. म्या घालतो." महामाया म्हणाली, "चाचा, नाव घालणारा बोलावू या." त्यांनी मान हलवली. म्हातारपणी पहिल्यांदाच मराठी अक्षर गिरवावं तसं ते कागद गुडघ्यावर ठेवून ठिपका ठिपका ठोकत राहिले. "शि"ची वेलांटी वाकडी आली. "व" बाजूच्या अक्षरांपेक्षा मोठा झाला.

आजी शेवटपर्यंत तिथेच बसून होत्या. झाल्यावर त्यांनी बोट फिरवलं. "आता पुरतं हाय का?" महामायानं अख्खं नाव वाचून दाखवलं. आजींनी ते आणखी एकदा वाचायला लावलं, मग घंगाळ पदरात गुंडाळून कडेवर घेतलं आणि त्या घराकडे चालू लागल्या.

माझ्या हात धुवायच्या ओट्यात आता त्या जागी गोल खळगा आहे. त्यात एक साधी बालदी ठेवतात आणि मला तेवढंच शोभतं. मित्रांनो, तुम्ही तर शाळेत जाता, क्लासला जाता. जुनं भांडं हाती आलं की मोडीत घालण्याआधी, भोक पाडण्याआधी त्याचा काठ वाचा, आणि वाचलंत की ते नाव मोठ्यानं घ्या. मी वाचलं होतं. आणि शिवकांताच्या नावाहून मला माझी तोटी प्यारी वाटली होती.